चाळीचा जावई

आमच्या खोलीच्या भिंतीला तीन खुंट्या आहेत. पहिलीवर बाबांचे कपडे, छत्री आणि कुणाचा तरी ओला टॉवेल. दुसरीवर उरलेल्या तिघांचं सगळं, एकावर एक असं की खालचा कपडा हवा असला तर वरचं बिऱ्हाड आधी उतरवावं लागतं. तिसरी खुंटी एकट्याची. तिच्यावर हँगर, हँगरवर लाँड्रीची पारदर्शक पिशवी, पिशवीत तो. दहा बाय बाराच्या खोलीत स्वतःची जागा असलेला तो एकटाच.

"जावईच आहे मेला," आई एकदा वैतागून म्हणाली आणि नाव पडलं. जावयाचे सगळे गुण त्याच्यात आहेत. रोजच्या कामाला उपयोग नाही, निघायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून धावपळ, घरात पाणी असो नसो त्याला कमी पडता कामा नये, आणि जरा दुर्लक्ष झालं की लगेच आठी. चाळीच्या भिंती पातळ, त्यामुळे महिन्याभरात नाव अकराही खोल्यांत पोचलं. दिवा पूर्वेला आगासन रस्त्यावरच्या आमच्या चाळीत एखादा मुलगा दारात उभा राहून "काकू, गुरुवारी जावई मोकळा आहे का?" असं विचारतो, तेव्हा आता कुणी हसत नाही. पोराची मुलाखत आहे, एवढंच सगळ्यांना कळतं.

रंग आकाशी. मुलाखतीला पांढरा शर्ट सगळ्यात चांगला हे आम्हालाही ठाऊक आहे, पण पांढऱ्याचं आणि इथल्या पाण्याचं जमत नाही. नळाला नसलं की बोअरचं, बोअरला नसलं की टँकरचं. बोअरच्या पाण्यात पांढरं कापड चार धुण्यांत चहा गाळल्यासारखं दिसायला लागतं. नीळ तरी किती घालणार? आकाशीत तो पिवळेपणा जिरून जातो. मात्र आकाशी रंगाला एक खोड आहे: त्याच्या पोटात काही राहत नाही. पांढऱ्यात घाम दिसत नाही, काळ्यात लपतो. याच्या काखेत मात्र गडद निळे नकाशे उमटतात. आतला माणूस शांत चेहऱ्यानं "मला टीममध्ये काम करायला आवडतं" वगैरे सांगत असतो आणि यानं खरं काय ते केव्हाच सांगून टाकलेलं असतं. म्हणून आत बाह्यांचा बनियन सक्तीचा, मे महिन्यातही. सँडो घालून आलेल्या एकाला आईनं दारातूनच परत पाठवलं होतं.

वरून तिसरं बटण बाकीच्यांपेक्षा जरा जाड आहे. ते बाबांच्या जुन्या शर्टाचं. खिशाच्या कोपऱ्याजवळ तांदळाच्या दाण्याएवढा शाईचा डाग आहे. तो झाकायला खिशाला पेन अडकवावं लागतं, त्यामुळे घालणारा प्रत्येक जण थोडा जास्त शिकलेला दिसतो.

जन्मानं तो शर्ट नव्हता. तो शर्टपीस होता, खोक्यातला, मोठ्या पन्ह्याचा, एक मीटर साठ. २०१२ च्या मे महिन्यात आईच्या माहेरी सावंतवाडीकडे एक लग्न झालं, तिथे बाबांना आहेरात मिळाला. आहेराच्या पिसांची जातच भटकी. ते कुणी शिवत नाही. या लग्नातून त्या लग्नात, त्या बारशातून या वास्तुशांतीत, नुसते फिरत राहतात. याच्या खोक्याच्या आत पेन्सिलीनं दोन वेगवेगळी आडनावं लिहून खोडलेली होती. म्हणजे आमच्याकडे यायच्या आधी निदान दोन कार्यं यानं पाहिलेली. दिवा पॅसेंजरनं तो आला, फणसाखाली दबून. कोकणातून येणारी ती गाडी दिव्याला येऊन संपते. तिच्यातली कितीतरी माणसंही दिव्यालाच उतरून राहिली; आम्ही त्यांतलेच.

रीतीप्रमाणे तो पुढच्या लग्नात निघून जायचा. पण २०१३ साली दादा बीकॉम झाला आणि त्याला मुलाखतीचं बोलावणं आलं. रेडिमेड शर्टाचे भाव ऐकून बाबांनी कपाटावरचं खोकं काढलं. नाक्यावरचे मास्तर माप घ्यायला लागले तशी आई म्हणाली, "वाढत्या अंगाचा शिवा हो." दादा एकवीस वर्षांचा होता, वाढायचं ते सगळं वाढून झालेलं. पण आयुष्यभर तिनं मुलांचे कपडे याच एका मापानं शिवून घेतले होते, मास्तरांनाही ते पाठ होतं. त्यांनी गळ्याला अर्धा इंच, छातीला दोन इंच आणि बाहीला बोटभर सोडलं. त्यामुळे तो दादाला नीट बसला नाही. तो कुणालाच नीट बसत नाही, आणि म्हणूनच सगळ्यांना चालतो. मापात शिवला असता तर एकट्या दादाचा झाला असता.

न बसणारा शर्ट बसवायची आता चाळीत एक विद्या तयार झाली आहे. मुलगा किडकिडीत असेल तर दोन्ही कुशींचं जास्तीचं कापड मागे घडी घालून पँटीत खोचायचं. समोरून पोट सपाट दिसतं, मात्र खुर्चीत बसताना फार टेकायचं नाही. बाही लांब पडली तर कोपराच्या वर रबरबँड. बाही दुमडायची नाही. दुमडलेली बाही म्हणजे क्रिकेट बघायला आल्यासारखं दिसतं, असं दादाचं मत. गळा सैल असेल तर आई हातातल्या बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढते आणि कॉलरच्या खाली आतून लावते. एकाच्या मुलाखतीत ती पिन मधेच उघडली. नेमका प्रश्न होता, ताणाखाली काम करता येईल का. त्यानं डोळ्यांत पाणी आणून "हो" म्हटलं. त्याला नोकरी लागली.

बुटांचं मात्र काही करता येत नाही. शर्ट मागून आणता येतो, बूट नाही. कागदाचे बोळे कोंबून पाहिले, पण माणूस चालायला लागला की सगळं उघडं पडतं.

मुलाखतीला कसे कपडे घालावेत हे सांगायला कॉलेजात शेवटच्या वर्षाला कुणीतरी येऊन जातं. रंग हलका, इस्त्री कडक, पट्टा आणि बूट एका रंगाचे, अत्तराचा मारा नको, नखं कापलेली. सगळं बरोबर. पण हे सगळं दिव्याहून तिथवर न्यायचं कसं, हे सांगायला अजून कुणी आलेलं नाही. आमच्या जावयाची खरी मुलाखत ऑफिसात होत नाही, ती चाळ ते ठाणे एवढ्यात होते.

सुरुवात दोरीवरूनच. इथलं डम्पिंग ग्राउंड बंद झालं २०२३ साली. त्याआधी वारा फिरला की धुराचा वास वाळत घातलेल्या कपड्यांत जाऊन बसायचा, आणि टेरिकॉटमध्ये बसलेला वास इस्त्रीच्या उष्णतेनं पुन्हा जागा होतो. म्हणून त्याला घरात, पंख्याखाली, दार लावून वाळवायचं. तो वाळेपर्यंत आम्ही बाहेर. मग कोळशाच्या इस्त्रीखाली आधी कॉलर, मग कफ, मग बाह्या, अंग सगळ्यात शेवटी, कारण अंग पँटीत जातं आणि घाई झाली तर तेवढं कच्चं राहिलं तरी चालतं. पावसाळ्यात पँटीचे पाय गुडघ्यापर्यंत वर, पायात स्लिपर, बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत. फाटक ओलांडून स्टेशनावर आलं की एका पायावर उभं राहून बूट घालायचे.

आणि मग गाडी. जलद लोकल दिव्याला थांबायला लागल्या त्या डिसेंबर २०१६ पासून. त्याआधी, २ जानेवारी २०१५ ला, इथले लोक रुळांवर उतरले होते आणि कित्येक तास मध्य रेल्वे ठप्प होती. तो शुक्रवार. जावयाची मुलाखत शनिवारी होती. तो खुंटीवर सुखरूप राहिला. पण जलद गाडी थांबायला लागली म्हणून आत शिरता येतंच असं नाही. ती कल्याण-डोंबिवलीहून भरून येते. आठ-सव्वाआठच्या गाडीत दिव्याला चढलेला इस्त्रीचा शर्ट ठाण्याला उतरतो तेव्हा त्याच्या पाठीवर मागच्या माणसाच्या डब्याचा गोल उमटलेला असतो.

यावर तीन उपाय निघाले. पहिला उलट्या प्रवासाचा. जायचं असतं ठाण्याला, पण आधी कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली करत कल्याणला जायचं, तिथून सुटणाऱ्या गाडीत खिडकीची जागा धरायची आणि बसून परत यायचं. अर्ध्या-पाऊण तासानं आपलंच दिवा स्टेशन खिडकीतून दिसतं. फलाटावरची ओळखीची तोंडं चढायला झटत असतात आणि आपण इस्त्री सांभाळत दुसरीकडे बघत असतो. त्या वेळी जावयाचा चेहरा खरोखरच जावयाचा होतो.

दुसरा उपाय, त्याला अंगावर न्यायचंच नाही. पाठीला पुठ्ठा, घडीत वर्तमानपत्राचे कागद, आणि फायलीच्या पिशवीत सर्टिफिकेटांच्या शेजारी आडवा. अंगात टी-शर्ट. मग ऑफिसच्या इमारतीत तळमजल्यावर कुठे संडास आहे ते शोधायचं. ऐरोलीला एका इमारतीच्या दारावरच्या वॉचमनकाकांनी दादाला आपल्या केबिनीत कपडे बदलू दिले होते, वर कॉलर मागून नीट करून दिली होती. ते मूळचे राजापूरचे निघाले. त्या दिवशी दादाची निवड झाली नाही, पण घरी आल्यावर तो वॉचमनकाकांबद्दलच बोलत होता.

तिसरा उपाय सगळ्यांना माहीत होता आणि कुणी आयांना सांगत नसे. दारात उभं राहायचं. दारात वारा लागतो, घाम येत नाही, समोरून कुणी दाबत नाही, शर्ट चुरगळत नाही. शर्टासाठी दार ही उत्तम जागा. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतली माणसं रुळांवर पडली. काही जण गेले. त्यांच्या अंगावर काय कपडे होते हे मला माहीत नाही, पण सोमवार होता, सकाळच्या गर्दीची वेळ होती, कामाला निघालेली माणसं होती. त्या दिवसापासून आई जावयाला हातात देताना एकच सांगते. आधी सांगायची, "चुरगळू नको हो." आता म्हणते, "चुरगळला तर चुरगळू दे. दारात उभा राहू नकोस."

एवढं करून तो आत पोचतो. थंडगार खोलीत जाऊन बसतो. आत काय होतं ते आम्हाला त्याला घालून गेलेल्यांकडून कळतं, आणि सगळ्यांची गोष्ट एका जागी येऊन सारखीच होते. पहिली पाच मिनिटं शर्ट आपलं काम चोख करतो. समोरचा माणूस कॉलर बघतो, पेन बघतो, नकळत "बसा" म्हणतो, "बस" नाही. मग फॉर्मवर नजर फिरवत विचारतो, "कुठे राहता?"

इथे जावयाचा इलाज चालत नाही. "दिवा" म्हटलं की दोनांपैकी एक गोष्ट होते. एक तर "म्हणजे कुठे आलं?" नाही तर "अरे बापरे, वेळेवर पोचाल का रोज?" इस्त्रीनं सगळ्या सुरकुत्या जातात, पत्त्याची जात नाही. हुशार मुलं आता "ठाणे" असं सांगतात. त्यात खोटं काही नाही. दिवा ठाणे महापालिकेतच आहे. पण ठाणे म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांसमोर तलावपाळी येते आणि दिवा म्हटलं की लोकलचं दार, एवढा फरक त्या दोन शब्दांत आहे.

सात नंबरच्या खोलीत बाबासाहेबांचा निळ्या कोटातला फोटो आहे. तिथले आजोबा जावयाकडे बघून एकदा म्हणाले की याची थट्टा करू नका. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या बायांना सांगितलं होतं की लुगडं नेसायची जुनी तऱ्हा टाका, ते जाड दागिने टाका, त्यांच्यावरून तुम्ही कोण हे लांबूनच ओळखू येतं. आजोबांच्या मते कपडा म्हणजे समोरच्याला आधीच निकाल लावायची सोय न ठेवणं. मी कॉलेजात शिकलेलं पुढे केलं: पण जोतिबा फुले तर २ मार्च १८८८ ला पुण्यात ड्यूक ऑफ कनॉटच्या मेजवानीला मुद्दाम शेतकऱ्याच्या वेशात गेले होते! जरीच्या पगड्यांमध्ये घोंगडी घेऊन. आजोबा हसले. म्हणाले, "जोतिबांना ड्यूककडे नोकरी मागायची नव्हती, बाळा."

याला उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

जावयाला घालून गेलेल्यांत एक मुलगीही आहे. पाच नंबरमधली. तिच्या आईचा आग्रह ड्रेसचा होता, ओढणीसकट. तिचं म्हणणं, ओढणी गाडीत एका डब्यात आणि मी दुसऱ्या डब्यात अशी गत होते. बायकांच्या डब्यातली गर्दी पुरुषांच्या डब्याला लाजवेल अशी असते. तर तिनं जावई मागितला. आमच्या आईनं जरा विचार केला आणि दिला. बटणं लावताना तिची बोटं अडखळली, कारण पुरुषांच्या शर्टाला बटणं उजव्या बाजूला असतात आणि बायकांच्या डाव्या. पिन, दोन्ही रबरबँड, सगळी विद्या वापरून तो तिला बसवला. मला विचाराल तर तो इतका नीट आजवर कुणाला दिसलेला नाही. तिची पहिल्याच फटक्यात निवड झाली. चाळीतल्या मुलांनी काही दिवस दोष शर्टाला दिला.

न्यूयॉर्कमध्ये रिव्हरसाइड नावाचं एक सार्वजनिक वाचनालय आहे. तिथे २०१८ साली मुलाखतीला जाणाऱ्यांना टाय, ब्रीफकेस आणि हँडबॅगा पुस्तकांसारख्या घरी द्यायला सुरुवात झाली. जगभर त्याचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. आमचं वाचनालय त्याच्या पाच वर्षं आधीचं, पण पुस्तक एकच. मुदत एक दिवसाची, उशीर झाला तर दंड म्हणून आईचं बोलणं. नियम असा की धुऊन परत करायचा. इस्त्री मात्र आम्ही करून घेणार, कारण एका पोरानं कॉलरवर इस्त्री जास्त वेळ ठेवली होती आणि तिथे चकाकी आली ती आलीच.

त्याच्या आयुष्यातली एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली. ज्याला ज्याला त्यानं नोकरी मिळवून दिली, तो त्याला पुन्हा घालत नाही. पहिल्या पगारात उल्हासनगरला जाऊन दोन नवे शर्ट येतात, मापाचे. एकाला तर कंपनीनंच नाव छापलेला टी-शर्ट दिला आणि गळ्यात पट्टा. परत परत येतात ते नापास झालेले. दादा चौथ्या खेपेला पास झाला, मी सहाव्या. त्यामुळे वांद्रे-कुर्ला संकुल, वागळे इस्टेट, ऐरोली, महापे, अंधेरी एवढं सगळं हिंडलेल्या या गृहस्थानं आजवर एकाही ऑफिसचा दुसरा दिवस पाहिलेला नाही. कॅन्टीन कसं असतं, दुपारी तीनला डोळे कसे मिटतात, साहेब सुट्टी नाकारताना कसा बोलतो, काही ठाऊक नाही. ऑफिस म्हणजे एक खुर्ची, एक टेबल आणि "कळवतो आम्ही", असं त्याचं ज्ञान आहे.

गेल्या पावसाळ्यात कॉलर घडीवर विरली. आतला बक्रम दिसायला लागला. दादा आता बरं कमावतो. म्हणाला, नवा आणतो, चांगल्या कंपनीचा. आईनं ऐकून घेतलं आणि याला घेऊन मास्तरांकडे गेली. मास्तरांनी कॉलर उसवली, उलटी केली आणि विरलेली बाजू आत घालून पुन्हा शिवली. आता हे काम करणारे फार उरलेले नाहीत. पैसे विचारले तर म्हणाले, "पहिली शिलाई मीच घेतली होती ना, झालं मग."

येत्या सोमवारी अकरा वाजता त्याची ऐरोलीला मुलाखत आहे. सोबत सात नंबरच्या आजोबांचा नातू जाणार आहे. दोघं सव्वासातला निघतील, कल्याणमार्गे.